धाकटीकडची खिडकी

"सगळं घट्ट लाव गं," थोरली सुनेला म्हणाली. "गार हवा जरासुद्धा बाहेर जाता कामा नये. फुकट नाही येत ती!"

रस्त्याकडच्या खिडकीत नवाकोरा कूलर घरघरत होता. त्याच्या गवतावरून पाणी झिरपत होतं. तरी खोलीत नुसती चिकचिक. घामोळ्यांनी लाल झालेला नातू पाळण्यात टाहो फोडत होता. रात्रभर पोराच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, मग घरातल्यांचा कुठून लागणार?

"आई, ओल्या गवतातून कोरडी हवा आली की पाणी सुकतं, आणि सुकताना हवेतली उष्णता ओढून घेतं," सून म्हणाली. "पण आतली दमट हवा बाहेर गेलीच नाही, तर गारवा येणार कुठून? कोंडलेल्या खोलीत धुणं तरी वाळतं का? पलीकडची खिडकी उघडू या."

पलीकडची! थोरलीच्या कपाळावर आठ्या पडल्या. तिकडे अरुंद बोळ, आणि बोळापलीकडे धाकट्या जावेची खिडकी. भरल्या घरात धाकटी थोरलीच्या अंगाईला फिस्सकन हसली होती. तेव्हापासून बोलणं बंद आणि खिडकीही बंद.

"आमच्या कूलरची हवा त्या बयेला? मी मेले तरी उघडणार नाही!"

नातवानं असा काही सूर लावला की थोरली तरातरा त्या खिडकीकडे गेली.

"जळला मेला तो मान," असं पुटपुटत तिनं कडी ओढली. खिडकी हलेना. शेवटी सासू-सुनेनं मिळून दणका दिला, तेव्हा कुठं ती उघडली.

थोड्याच वेळात झुळूक पाळण्यावरून वाहायला लागली. पोराचं रडणं मध्येच थांबलं, मुठी सैल पडल्या. निजलं की लबाड! थोरलीला इतका आनंद झाला की तिनं सुनेचाच गालगुच्चा घेतला.

समोरच्या खिडकीत धाकटी येऊन उभी होती, घामाघूम.

"निजला?" तिनं हळूच विचारलं. "गायला नाहीत वाटतं, जाऊबाई?"

थोरलीनं डोळे वटारले. पण हसू काही आवरेना. पोर उठेल म्हणून तोंडावर हात दाबून ती गदगदा हसत सुटली. पलीकडे धाकटीचीही तीच गत.

शेवटी डोळे पुसत थोरली सुनेकडे वळली.

"टाकीत आणखी एक बादली ओत गं. पलीकडेही उकडतंय."