काळा दोरा

"मावशी, दोरा काढायचा नाही, घालायचाय," सुपरवायझर निकिता तिसऱ्यांदा म्हणाली.

चांगुणानं समोरच्या ट्रेकडे पाहिलं. कोळंबी स्वच्छ होती. हर्णैच्या या शेडमध्ये तिनं तीस वर्षं कोळंबी सोलली होती. आता कोळंबी टाकीत वाढायची, डोकं नाही, कवच नाही, नुसतं मांस, आणि पूर्वी सोलणाऱ्या त्याच बायका तिच्यावर कारखान्यातली कवचं चढवायच्या. जपानला डोक्यासकट लागायची, अमेरिकेला फक्त शेपटी. आता स्पेनच्या गिऱ्हाइकांची तक्रार आली होती, पाठीत काळा दोरा नाही म्हणजे माल खोटा.

"अगो, जन्मात तिनं काही खाल्लंच नाही, तर आतड्यात घाण कुठून येणार?"

"म्हणूनच आपण भरायची."

चांगुणानं कारखान्यातून आलेला एक काळा दोरा चिमटीत धरून पाठीच्या चिरेत नीट बसवला. लगेच तिच्या अंगठ्याचं नख त्याच चिरेतून आपसूक फिरलं आणि दोरा बादलीत पडला. तिनं पुढची कोळंबी उचलली.

निकिता अजून तिथंच का उभी म्हणून तिनं मान वर केली. पोरगी टेबलाच्या पार टोकापर्यंत बघत होती. चाळीस बायका खाली मान घालून दोरे भरत होत्या, आणि चाळीस बादल्यांत दोरे पडत होते.

निकितानं चिकटपट्टीचं रीळ आणलं. चांगुणानं उजवा अंगठा पुढे केला.

"घट्ट बांध."

संध्याकाळी स्पेनची खोकी भरून गेली. चांगुणा बाकावर चहा पीत बसली. कपाच्या अंगावरून तिचा बांधलेला अंगठा वरून खाली, वरून खाली फिरत होता.