पपनसाच्या फोडी

‘सॉरी’ हा शब्द कुठे कुठे वापरायचा, हे युएलान चीनमधल्या छांगशा शहरातल्या इंग्रजीच्या क्लासात अगदी रंगात येऊन शिकवत होती. कुणाला धक्का लागला, उशीर झाला, कुणाचं मन दुखावलं. मुलं एका सुरात तिच्यामागून म्हणत होती. तेवढ्यात तिचा विसरलेला डबा घेऊन तिचे वडील दारात उभे राहिले. गवंडीकामावरून तसेच आलेले, केसांतसुद्धा सिमेंट.

“हे कोण हो, मॅडम?” मागे बसलेल्या एका मुलाच्या आईने नाक मुरडून विचारलं.

“डबे पोचवणारा माणूस आहे,” युएलान बोलून गेली.

“इथे ठेवतो हं, मॅडम,” वडील म्हणाले आणि निघून गेले.

त्यांच्या घरात माफी कुणी तोंडाने मागत नसे. ज्याचं चुकलं त्याने फळ सोलून दुसऱ्यापुढे ठेवायचं, की झालं. संध्याकाळी घरी जाताना तिने बाजारातलं सगळ्यांत मोठं पपनस घेतलं.

दार उघडलं, तर टेबलावर बशी होती. पपनसाच्या एकेका फोडीचा पापुद्रा काढून, बिया वेचून नीट मांडलेली.

“खा गं,” तिच्याकडे न बघता बाबा म्हणाले. “कपडे बदलून यायला हवं होतं मी.”