वाळूची गोणी

"वाघाच्या छातीत मांजराचं काळीज घातलंस!" लेकीने जुन्या स्पोर्ट्स कारला लहान इंजिन बसवल्यापासून बाबा धुमसत होते. मूळ इंजिन ताकदवान, पण अवजड. वळणावर गाडीचं नाक बाहेर पळायचं. तोल साधायला बाबा डिकीत वाळूची गोणी ठेवत, तरी शेवटच्या वळणावर हमखास मागे पडत. आज शर्यतीआधी लेकीने ती गोणी काढून त्यांच्या पायाशी ठेवली. "सांभाळा, बाबा." गोणी फरफटत ते त्याच वळणापाशी जाऊन थांबले. गाडी आली. त्यांच्या पायाने जमिनीवरच ब्रेक दाबला. गाडी मात्र सुईतून दोरा निघावा तशी निघाली आणि पुढच्या दोघांना मागे टाकून पहिली आली. "इंजिन बदलायची अक्कल कुणाची हो?" शेजारच्याने विचारलं. "पोरीची! मी तर आडवा आलो होतो." वाळू कडेला ओतून बाबा रिकामी गोणी झेंड्यासारखी फडकवत लेकीकडे धावले.