कंप्युटरला पाणी

"यंत्राच्या पोटात पाणी सोडायचं आन् शॉक बसू द्यायचा न्हाई, हे कसं जमवायचं म्हन्ते ती? इचार तिला," रखमाजी बाहेरच्या खोलीतून म्हणाले, आणि गिरिजाबाई पदर खोचून तो प्रश्न घेऊन आत निघाल्या.

आत सत्यशीला कंप्युटरपुढं बसली होती. तिनं सगळं ऐकलंच होतं. दोन खोल्यांच्या घरात न ऐकून जाते कुठं! पण सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, हा गावाकडचा रिवाज जालन्यात येऊन पंचवीस वर्षं झाली तरी या घरानं सोडला नव्हता. नवरा काकासाहेब होता तेव्हा तो मध्ये असायचा. मागल्या वर्षी एमआयडीसीच्या वळणावर त्याला मोटारसायकलीसकट टेम्पोनं उडवलं. तेव्हापासून इकडचं तिकडं सांगायचं काम सासूच्या गळ्यात आलं.

रखमाजी रोलिंग मिलमध्ये पाण्याच्या लायनीवरचे फिटर. लालबुंद लोखंड दाबणाऱ्या रुळांवर पाण्याची धार तुटू द्यायची नाही, हे त्यांचं तेवीस वर्षांचं काम. पोरगा गेला आणि त्यांनी हातातला पाना खाली ठेवला तो ठेवलाच. दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसायचे. जेवा म्हटलं तर जेवायचे, नाही म्हटलं तर तसेच. मिलवाल्यांनी दोनदा माणूस पाठवला. आता अक्षय तृतीयेपर्यंत वाट बघू, मग दुसरा फिटर घेऊ, असंही कळवलं.

होळीनंतर एक दिवस मेथी निवडता निवडता गिरिजाबाईच म्हणाल्या होत्या, की हा माणूस असाच बसला तर उन्हाळा काढत नाही. याच्या हाताला काम दे कायतरी, तुझ्या त्या डब्याचंच दे.

सत्यशीलाला ते मनापासून पटलं. सासरा डोळ्यांदेखत मातीमोल होताना तिला बघवत नव्हतं. ती शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करायची, त्यावर घर चाललं होतं. कंप्युटर काकासाहेबानं स्वतः जोडलेला. पाण्यानं थंड होणारे कंप्युटरही असतात, असं तो हौसेनं सांगायचा. मग तिनं सरळ थाप मारली. रोज दुपारी दोनला स्वतःच बटण दाबायची आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात सासूला सांगायची, तापून बंद पडला, आत पाणी फिरवायला हवं, असंच चाललं तर शाळेचं काम हातचं जाईल.

चौथ्या दिवशी रखमाजी भिंतीकडून वळले.

मग प्रश्नांची नुसती सरबत्ती. तापतो कुठं? किती? गिरिजाबाई आत-बाहेर करून थकल्या. मी काय तुमची पोस्टमन आहे का, म्हणून दोघांनाही बोल लावायच्या, पण निरोप एकही चुकवला नाही. कूलरची मोटर रखमाजींनी नापास केली. ती फार जोरात ढकलते, नळी उडवून लावील. माशांच्या पेटीतला छोटा पंप पास झाला. नळाचं पाणीही नापास. इथल्या पाण्यात क्षार इतका, की महिन्यात नळी चोंदेल. बॅटरीत घालतात ते पाणी आणायचं ठरलं. आतल्या तापणाऱ्या भागावर बसवायची तांब्याची चकती मात्र ते स्वतः कानशीनं घासत बसले, चांगले आठ दिवस. एका सकाळी टोपी घालून रबरी नळी आणायला म्हणून बाजारात निघाले, तेव्हा सत्यशीला खिडकीआडून त्यांची पाठ बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"पंप मधीच थांबला तर यंत्राला कळतं का?" एक दिवस त्यांनी विचारलं.

गिरिजाबाईंनी गुडघा धरला. आज उठवत नाही, तुमचं तुम्ही बघून घ्या, म्हणाल्या.

सत्यशीला डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यात आली. खाली बघतच तिनं सांगितलं, "कळतं, मामा. लई तापलं की आपोआप बंद पडतं."

त्या दिवसापासून दोघं एकाच कागदावर वाकून आकृत्या काढू लागली. सासरा एक रेघ मारायचा, सून ती खोडायची. एकदा नळी निसटून पाण्याची पिचकारी रखमाजींच्या मिशांवर उडाली, आणि सत्यशीला खळखळून हसली. मग स्वतःच दचकली.

मिलची पद्धत म्हणजे लाइन आधी वेगळी फिरवायची, मगच यंत्राला जोडायची. रखमाजींनी सगळं वर्तमानपत्रावर मांडून तीन दिवस पाणी फिरवलं. कागदावर एक ठिपका नाही. चौथ्या दिवशी चकती बसवली, कंप्युटर सुरू झाला, पाणी गुमान फिरू लागलं.

"सोमवारपून मिलला जातो," ते म्हणाले.

सत्यशीलाला हवं होतं ते मिळालं होतं. पण आता खोटं पोटात राहीना.

"मामा, रागावू नका. कंप्युटर कधी तापलाच न्हवता. मीच बंद करत व्हते. तुमी उठावं म्हणून."

रखमाजींनी मान हलवली. "ठावूक हाय. मी उठलो त्याच दिशी तू पाणी भरायला गेल्ती तव्हा हात लावून पाह्यला. गार व्हता."

"मंग दीड महिना हे सारं कशापायी केलं?"

"तुझ्यापायी. तुझी सासू म्हनली, पोरगी त्या खोलीत वाळून चालली, कुनाशी बोलंना का हसंना. तिच्यासंगं कायतरी काम काढा, न्हाईतर हीबी जाईल हातची."

दोघांनी एकदमच ओट्याकडं पाहिलं. गिरिजाबाई चहा टाकत होत्या. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि तिथंच खाली बसल्या.

"उठले न्हवं दोघं बी?" त्या म्हणाल्या. "मंग आता मला माझ्या लेकासाठी रडू द्या."