दारातला वरवंटा

चाळ पहाटे कोसळली तेव्हा शेवंतीबाई झोपेतच ढिगाऱ्याखाली गेल्या. दुपारी जिवंत निघाल्या. मग शेजारी चहूकडे पांगले आणि बाईंना लालबागच्या टॉवरमध्ये घर मिळालं. तिथं त्या एकट्याच, दार मिटू नये म्हणून उंबऱ्यात वरवंटा ठेवून बसायच्या. त्यांचं मन मोकळं करायला एका संस्थेने सुरुचीला धाडलं. तिने पहिल्याप्रथम वरवंटा उचलला आणि दार लावलं. “आजी, आता बिनधास्त बोला. बाहेर कुणाला काहीच कळणार नाही.” बाई भडकल्या. “अगो बाय, चाळीत सगळ्यांना सगळं कळायचं. मी कुठे झोपते तेसुद्धा! म्हणून तर पोरांनी नेमकं तिथं खणलं. इथं कोण खणणार, तू?” बाईंनी दार सताड उघडलं आणि मजल्यावरच्या बंद दारांना दटावून सांगितलं, “मी शेवंती! स्वयंपाकघरात झोपते, ओट्याच्या डाव्या अंगाला! लक्षात ठेवा!”