दहा बाय बाराला तीन टन

"खिडकीची जाळी कापावी लागंल," तय्यब म्हणाला. "दारातून हे धूड आत वळत न्हाई."

माधवराव गुरुजींनी मान हलवली. "काप."

कपाटाएवढा उंच, तीन टनांचा एसी गुरुजींच्या ओट्यावर उभा होता. लग्नाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात ठेवतात, तसला. आणि खोली दहा बाय बाराची. तय्यबचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. वीस वर्षं तो उदगीरात एसी बसवत होता. गुरुजींच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. चौथी तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आणि गुरुजींनी परस्पर लातूरहून हे आणून टाकलं होतं.

"दीड टन लई झालं असतं, गुरुजी. कुण्या शहाण्यानं सांगितलं तुम्हाला हे?"

"आहे एक. जाणता माणूस आहे." गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "चालेल ना पण? पाचपर्यंत हिला घेऊन येतोय मिहिर."

हिला म्हणजे सौदामिनीबाईंना. लातूरच्या दवाखान्यात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी मुलाला, मिहिरला, एकच गोष्ट दोनदा बजावली होती: उकाडा अजिबात सोसायचा नाही. मे महिना होता. पारा त्रेचाळीसवर.

"चालंल. चालवून दाखवतो," तय्यब दातओठ खात म्हणाला.

जाळी कापली. यंत्र आडवं करून तय्यब आणि त्याच्या तीन कामगारांनी आत सरकवलं. बाहेरचं यंत्र दोन पंख्यांचं, जिन्यात मावेना. दोर लावून गच्चीवर ओढताना तय्यबचा तळहात सोलला. पाइपासाठी भोक पाडायचं तर भिंत दोन हात जाडीची, दगडाची. ड्रिलचं पातं दोनदा मोडलं. प्रत्येक वेळी त्यानं त्या अनोळखी सल्लागाराचा उद्धार केला.

ओट्यावर माणिकप्पा बसून सगळं बघत होते. बाजारात त्यांच्या कापडदुकानाची तीन मजली इमारत उठली होती. तिथले सगळे एसी कुणाकडून बसवायचे, हे ठरवायला ते तय्यबचं काम बघायला आले होते.

"काय तय्यबभाई, हत्तीला कोंबडीच्या खुराड्यात घालून राहिलात?"

"मला नका इचारू. ज्यानं सांगितलं त्याला इचारा. असल्याच्या हातात पाना देऊ नये."

"असल्याला मी तर दुकानाची पायरी चढू देणार न्हाई," माणिकप्पा म्हणाले.

तय्यब गुरुजींकडे वळला. "शेजारी मी काय मेलो होतो का, गुरुजी? एक शब्द मला टाकला असता."

गुरुजींची नात मनस्विनी दारात उभी होती. तिनं तोंड उघडलं.

"मनू, काकांना पाणी आण," गुरुजी म्हणाले.

दोन वाजता तय्यबनं बटण दाबलं. घरघर झाली आणि खटकन सगळं बंद पडलं. त्यानं पुन्हा लावलं. या वेळी गल्लीतले पंखे मंदावले, मीटरपाशी ठिणगी उडाली आणि जळक्या रबराचा वास घरभर पसरला. खोली भट्टीसारखी तापलेली होती. कोपऱ्यात सौदामिनीबाईंसाठी केलेलं अंथरूण तयार होतं, वर पांढरी चादर.

माणिकप्पा नाकाला रुमाल लावून समोर चहाला गेले.

तय्यबनं पाना फरशीवर आपटला. "ह्या घराच्या वायरीला हे झेपणारच न्हाई. नाव सांगा त्याचं. आत्ता फोन लावतो. आजारी माणसाच्या जिवाशी खेळून राहिला हा."

गुरुजींनी रस्त्याकडे बघितलं. मग दार लोटलं, खिशातून मोबाइल काढला, शोधून एक जुना व्हॉइस मेसेज लावला आणि मोबाइल तय्यबच्या कानाशी धरला.

"साहेब, डोळे झाकून तीन टनाचा उभा घ्या. दुकानवाला कमीच सांगंल, त्याचं अजिबात ऐकू नका. बसवायला मी हाय."

आवाज तय्यबचा होता. मागे मगरिबची अजान ऐकू येत होती. रमजानातली संध्याकाळ. रोजा सोडायच्या घाईत त्यानं दिवसभर साचलेल्या मेसेजांना एका दमात बोलून उत्तरं टाकली होती, रोजच्या सवयीनं. हे उत्तर नायगावच्या मंगल कार्यालयवाल्याला जायचं होतं, ते गेलं होतं गुरुजींना. गुरुजींना तो जन्मात कधी साहेब म्हणाला नव्हता.

"ऑपरेशन ठरलं तेव्हा खोलीचं माप पाठवून तुलाच विचारलं होतं," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "लातूरचा दुकानदार दीड टनच घ्या म्हणत होता. मी भांडलो त्याच्याशी."

तय्यबनं आपल्या सोललेल्या तळहाताकडे बघितलं. मग उठला, परसात गेला आणि भिंतीवरून त्यानं बायकोला हाक मारली.

"जेबा, आपल्या खोलीतला एसी बंद कर. काढून आणतो."

पावणेपाचला तो दीड टनी एसी सौदामिनीबाईंच्या अंथरुणावर गार हवा सोडत होता. जळलेला फ्यूज बदलला होता. तीन टनी धूड बाजूला भिंतीकडे तोंड करून उभं होतं. माणिकप्पा आत आले, त्यांनी वाऱ्याखाली हात धरला आणि खूष होऊन मान डोलावली.

"जमलं की. सापडला का मग तो शहाणा?"

"दुकानदाराचं चुकलं हो, माणिकप्पा," गुरुजी घाईनं म्हणाले. "होतं असं. जाऊ द्या."

बाहेर मिहिरच्या गाडीचा हॉर्न वाजला. तय्यब स्टुलावरून खाली उतरला.

"दुकानदार बरोबर होता, माणिकप्पा," तो म्हणाला. "चुकीचं सांगणारा मी."