महबूबचा उजवा पाय

चौतीस साली सोलापुरातल्या एका गिरणीच्या फुटबॉल संघाचा सगळा जीव महबूबच्या उजव्या पायात होता, आणि तो पाय म्हणजे रोजचं रडगाणं. आज घोटा सुजला, उद्या टाच फाटली. खेळायचे सगळेच अनवाणी, पण दगडाला नेमका सापडायचा तो ह्याचाच पाय. म्हणून संघ फायनलला पोचल्यावर कप्तान आण्णानं त्याला त्याआधीच्या सरावाच्या तिन्ही सामन्यांत बाहेर बसवलं. गिरणी तिन्ही हरली.

मग गिरणीच्या खात्याखात्यात जो तो आण्णाला टोचू लागला. "महबूबला काय लोणच्यात घालून ठेवताय व्हय?"

"आरं, आज पाय गेला तर फायनलला कोण खेळणार? तुजा आजा?" आण्णा ओरडून ओरडून दमला.

खुद्द महबूबही तोंड फुगवून म्हणाला, "आण्णा, पाय माजा हाय की!"

"फायनलपत्तुर माजा हाय," आण्णानं त्याला झापलं.

फायनलच्या दिवशी पाय अगदी ठणठणीत होता. आण्णानं त्या पायाच्याच नावानं नारळ आणला होता. तीन सामन्यांचा अन् साऱ्या टोमण्यांचा राग एकवटून त्यानं तो गोलखांबाजवळच्या दगडावर असा आपटला, की चहूकडं ठिकऱ्या उडाल्या आणि लोकांनी टाळ्या पिटल्या.

महबूब धावत मैदानात शिरला, आणि चौथ्याच पावलाला मटकन खाली बसला.



त्याच्या उजव्या पायाच्या तळव्यात रुतलेली करवंटीची कपची आण्णानं उपसून काढली, तेव्हा आण्णाच्या हातावरचं नारळाचं पाणी अजून वाळलंही नव्हतं.